‘पोरगं १४ हजारांत मिळतं’ हे गणित चुकतं कुठे? मालवण-गोवा पट्ट्यातले हॉटेल कामगारांचे पगार आणि तुमचा धंदा



खानावळ, छोटं हॉटेल किंवा होमस्टे सुरू करायचा विचार करणाऱ्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. जागा कुठे घेऊ? लायसन्स कोणकोणती लागतील? मेन्यूत काय ठेवू? स्विगी-झोमॅटोवर जाऊ का? आणि सगळ्यात शेवटी, निघता निघता, एक प्रश्न येतो: "सर, कामाला पोरं कितीपर्यंत मिळतात?"

आज आपण त्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. कारण जागा चांगली, चव चांगली, गिऱ्हाईक येतंय, तरी हॉटेल अडखळतं, तेव्हा मालकाच्या तोंडी एकच वाक्य असतं: "माणसं टिकत नाहीत हो." माणसं का टिकत नाहीत, पगार का वाढतायत आणि तो वाढता पगार तुमच्या थाळीच्या भावात बसवायचा कसा, हे तिन्ही आज आकड्यांत बघू. व्हिडिओत हे भरभर होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

हाच पट्टा का घेतला?

उदाहरणासाठी मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि हद्दीपलीकडचा गोवा असा पट्टा घेतोय. पर्यटनावर चालणाऱ्या कुठल्याही भागाला लागू पडतील अशा सगळ्या गोष्टी इथे एकाच ठिकाणी दिसतात.

बघा. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी विमानतळ सुरू झाला, जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातला मोपा विमानतळ. म्हणजे पाहुणा यायचे रस्ते एकेक करून उघडत गेले.

पण पाहुण्याला वाढायला हात किती आहेत? २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा घटला. घरटी एक तरी माणूस मुंबईत चाकरमानी, हे इथलं जुनं चित्र. त्यात आता पुणे, गोवा आणि आखातही आलं.

पाहुणे वाढले आणि हात कमी झाले, की हाताचा भाव वाढणारच. बाजारात सुरमई कमी आली की भाव चढतो, तेव्हा आपण कोळणीवर रागावत नाही. मग पगार चढला की कामगारावर का रागावतो?

पगार वर जाण्याची पाच कारणं

१. गोवा शेजारी आहे. गोव्याची लोकसंख्या २०११ मध्ये साडेचौदा लाख होती. २०२४ मध्ये तिथे आलेल्या पर्यटकांचा सरकारी आकडा एक कोटीच्या वर आहे. एवढ्या पाहुण्यांना सांभाळायला गोव्याला बाहेरून माणूस लागतोच. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गची पोरं दुचाकीवरून रोज हद्द ओलांडून कामाला जातात. तुमची स्पर्धा शेजारच्या खानावळीशी आहे असं तुम्हाला वाटतं. माणसांच्या बाबतीत ती कळंगुटच्या रिसॉर्टशी आहे.

२. एकाच माणसाला पाच मालक बोलावतायत. नेपाळहून येणारा मुलगा हॉटेलात काम करू शकतो, आंब्याच्या बागेत राखणीला जाऊ शकतो, ट्रॉलरवर खलाशी होऊ शकतो. लोकल पोराला बांधकाम, सिक्युरिटी, डिलिव्हरी, रिक्षा असे पर्याय आहेत. यातलं हॉटेलचं काम सगळ्यात लांब तासांचं. सकाळी आठला सुरू आणि रात्री अकराला भांडी घासून संपणार.

३. भाव मोबाईलवर कळतो. पूर्वी मालक सांगेल तोच रेट. आता ओडिशाच्या एका गावातली दहा पोरं दहा शहरांत काम करतात आणि व्हॉट्सअॅपच्या एकाच ग्रुपवर असतात. कुठे किती पगार, कुठला मालक वेळेवर देतो, कुठे झोपायची जागा बरी, हे सगळं तिथे एका मेसेजमध्ये कळतं.

४. लॉकडाऊनची आठवण. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. महाराष्ट्रात बसून जेवायची परवानगी ५ ऑक्टोबर २०२० पासून, तीही निम्म्या क्षमतेने मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद. त्या काळात गावी गेलेल्या अनेकांनी तिथेच दुसरा धंदा धरला. हॉटेलचं काम म्हणजे पहिल्या झटक्यात जाणारं काम, हे त्या पिढीने पाहिलंय. म्हणून आज नोकरी घेताना तो विचारतो, "पावसाळ्यात काय?" हा प्रश्न उद्धटपणा म्हणून घेऊ नका.

५. सरकारी पाया वर सरकतोय. महाराष्ट्रात हॉटेल-उपाहारगृहांसाठी किमान वेतन वेगळं ठरलेलं आहे. मूळ वेतन आणि त्यावर विशेष भत्ता अशी त्याची रचना आहे. हा भत्ता महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेला असून दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी आणि १ जुलैला, नव्याने लागू होतो. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे गट आणि गाव-शहराप्रमाणे परिमंडळं आहेत. तुमचं गाव कुठल्या परिमंडळात येतं आणि आजचा दर काय, हे जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतं. सिंधुदुर्गवाल्यांसाठी ते ओरोसला.

या पाचही कारणांत 'आजकालची पोरं आळशी झाली' हे कारण नाही, याची नोंद घ्या. पाचपैकी एकही कारण पुढच्या दोन-चार वर्षांत मागे जाण्यासारखं नाही. म्हणून धंद्याचं गणित वाढत्या पगारावरच मांडायचं.

कायद्याचं थोडक्यात, पण कान देऊन

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात वेतन संहिता लागू झाली आहे. छोट्या मालकाने चार गोष्टी डोक्यात ठेवाव्यात. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम करून घेतलं तर त्याचा दर दुप्पट. माणूस काम सोडून गेला किंवा तुम्ही काढला, तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पूर्ण. आणि 'जेवण-राहणं देतो ना' म्हणून किमान वेतनातून मनाला येईल तेवढी रक्कम कापता येत नाही.

दहा माणसं झाली की ईएसआयसी येतं. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. वीस माणसं झाली की पीएफ, दोन्हीकडून साधारण १२-१२ टक्के. तुम्ही पाच-सहा माणसांनी सुरुवात कराल तेव्हा हे लागू नसेल. पण दुसरी शाखा काढाल तेव्हा हा खर्च अचानक समोर येतो, म्हणून आधीच माहीत असू द्या.

आणि 'छोटू' ठेवायचा नाही. १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, हॉटेलं, चहाच्या टपऱ्यांवर १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं बंद आहे. गुन्हा आहेच. शिवाय आज कुठल्याही गिऱ्हाइकाच्या हातात कॅमेरा आहे.

१४ हजारांचा माणूस किती रुपयांना पडतो?

आता मुख्य गणित. खालचे आकडे सरकारी दर नाहीत आणि कुठल्या सर्वेक्षणातलेही नाहीत. गणित समजावं म्हणून उदाहरणाला घेतलेत. तुमच्या गावचे आकडे घालून हेच पुन्हा मांडा.

समजा एक वेटर ठेवला. बाहेरगावचा आहे, तुमच्याकडेच राहतो. रोख पगार १४,००० रुपये.

- रोख पगार: १४,०००
- नाश्ता, दोन जेवणं, चहा: दिवसाला ९० रुपये धरून महिन्याला २,७००
- सहा हजारांच्या खोलीत चौघे, म्हणजे माणशी १,५००
- लाइट-पाणी, साबण, गॅस: ३००
- वर्षातून एकदा गावी जाण्याचं तिकीट, दोन युनिफॉर्म, औषधपाणी: वर्षाला ६,०००, म्हणजे महिन्याला ५००
- साप्ताहिक सुट्टीच्या चार दिवसांना बदली माणूस, ५०० रुपये रोजाने: २,०००

बेरीज करा. २१,०००.

म्हणजे तुमच्या डोक्यात १४ हजारांचा असलेला माणूस धंद्याला २१ हजारांना पडतो, दीडपट. बहुतेक नवे मालक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये १४ लिहितात आणि मग वरचे सात हजार कुठे गेले हे शोधत बसतात.

आता तेच गणित त्या मुलाच्या बाजूने मांडा. समजा गोव्यात त्याला १८ हजार मिळतायत, जेवण मालकाचं, पण खोलीचा वाटा ३ हजार आणि येण्या-जाण्याचा हजार त्याच्या खिशातून जातोय. हातात राहतात १४ हजार. तुमच्याकडे १४ हजार रोख, खोली-जेवण सगळं तुमचं. म्हणजे त्याच्या हातात दोन्हीकडे सारखेच पडतात! पण हे त्याला कोणी मांडून दाखवत नाही, म्हणून तो '१८' ऐकून जातो. माणूस ठेवताना हा हिशेब कागदावर त्याच्यासमोर मांडा. ज्या गोष्टीचा तुम्ही खर्च करताय, ती त्याला दिसली पाहिजे.

फक्त एक अट. खोली खरंच राहण्यासारखी असली पाहिजे. स्टोअर रूममध्ये कांद्याच्या पोत्यांशेजारी गादी टाकून तिला 'राहण्याची सोय' म्हणू नका.

आणि तो आचारी डिसेंबरमध्ये गेला तर?

पगारवाढ मागितली की मालक म्हणतो, "परवडत नाही." ठीक आहे. मग माणूस गेल्याचा खर्चही काढू.

समजा तुमचा आचारी २८ हजार रोख घेतो. त्याला ३० हवे होते, तुम्ही नाही म्हणालात, तो नाताळच्या आठवड्यात गेला. सीझनमध्ये रोजची विक्री १५ हजार धरू.

- तीन दिवस किचन बंद: ४५ हजारांची विक्री गेली. त्यातला माल आणि गॅस वाचला २० हजारांचा. निव्वळ नुकसान २५,०००
- पुढचे दहा दिवस रोजावर आचारी, १,५०० रुपयांनी: १५,०००. नेहमीच्या आचाऱ्याला त्या दहा दिवसांचे साधारण ९,३०० पडले असते, म्हणजे जादा ५,७००
- दिलेली उचल बुडाली: १०,०००

एकूण ४०,७००. बंदच्या तीन दिवसांचा त्याचा पगार वाचला तो वजा केला तरी ३८ हजारांच्या आसपास. आणि दोन हजारांची वाढ वर्षभर दिली असती तर किती गेले असते? २४ हजार. नाताळातल्या गिऱ्हाइकाने गुगलवर टाकलेला एक स्टार आपण यात मोजलेलाच नाही.

आता कोणी म्हणेल, मागेल तेवढं द्यायचं का? नाही. पण 'नाही' म्हणायच्या आधी दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा, एवढंच म्हणणं आहे.

वर्षाचं गणित: पावसाळा मोजा

कोकणात महिन्याच्या हिशेबावर धंदा चालत नाही, वर्षाच्या हिशेबावर चालतो. जून लागला की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, मासेमारीला बंदी. गणपतीला चाकरमानी येतात, पण ते घरी जेवतात.

समजा तुमची खानावळ अशी आहे. ऑक्टोबर ते मे, आठ महिने, महिना साडेचार लाख विक्री. जून ते सप्टेंबर, चार महिने, महिना दीड लाख. वर्षाची विक्री ३६ अधिक ६, म्हणजे ४२ लाख, जीएसटी सोडून.

माणसं सहा. सगळा खर्च धरून: आचारी ३४ हजार, सहायक २२ हजार, दोन वेटर प्रत्येकी २१ हजार, दुपारपर्यंत येणाऱ्या वडे-भाकरीवाल्या ताई १२ हजार आणि अर्धा दिवस भांडी-साफसफाई करणाऱ्या मावशी १० हजार. महिन्याला बरोबर १ लाख २० हजार.

बाकीचे खर्च: माल ४० टक्के, म्हणजे १६ लाख ८० हजार. भाडं ३ लाख ३६ हजार. गॅस-लाइट तेवढंच, ३ लाख ३६ हजार. दुरुस्ती, पॅकिंग आणि किरकोळ २ लाख १० हजार.

पहिला मार्ग, सगळ्यांना बाराही महिने ठेवलं. मजुरी १४ लाख ४० हजार, विक्रीच्या ३४ टक्के. उरले १ लाख ९८ हजार.

दुसरा मार्ग, पावसाळ्यात तिघंच ठेवले: आचारी, ताई आणि एक वेटर. महिना ६७ हजार. वर्षाची मजुरी १२ लाख २८ हजार. पण मग उरलेल्यांचं काय? मावशींना तसंही जून-जुलैत भातलावणी असते, आधी बोलून ठेवलं तर त्यांनाही ते सोयीचं पडतं. सहायक आणि दुसरा वेटर यांना मात्र नुसतं 'जा, ऑक्टोबरात फोन करतो' म्हणालात, तर ते ऑक्टोबरात दुसऱ्याच्या किचनमध्ये असतील.

त्यासाठी एक साधी पद्धत. दोघांना चार महिन्यांसाठी दरमहा तीन हजार 'परतीचा बोनस' लिहून द्या. अर्धी रक्कम जाताना, अर्धी १ ऑक्टोबरला हजर झाल्यावर. खर्च २४ हजार. एकूण मजुरी १२ लाख ५२ हजार, विक्रीच्या ३० टक्क्यांच्या आत. उरले ३ लाख ८६ हजार. पहिल्या मार्गाच्या जवळपास दुप्पट, आणि सीझनच्या पहिल्या दिवशी तुमची टीम तयार.

थांबा, एक पगार राहिलाच

३ लाख ८६ हजार बघून खूश होऊ नका. भागिले १२ करा. महिन्याला ३२ हजार. खानावळीत नवरा-बायको दोघंही सकाळपासून रात्रीपर्यंत उभे असतात. म्हणजे प्रत्येकी १६ हजार. आणि तुमचा वेटर, खाणं-राहणं धरून, २१ हजारांचा आहे!

हा कोकणातल्याच काय, महाराष्ट्रातल्या बहुतेक घरगुती खानावळींचा खरा प्रश्न आहे. घरच्या बाईचा पगार वहीत लिहिलाच जात नाही. ती पहाटे उठून वाटप करते, मासे साफ करते, रात्री हिशेब लिहिते आणि तिचा खर्च शून्य. म्हणून थाळी 'स्वस्त' देता येते. उद्या तिची कंबर धरली आणि तिच्या जागी माणूस ठेवायची वेळ आली, की त्याच दिवशी कळतं की थाळीचा भाव पहिल्यापासूनच चुकीचा होता.

म्हणून नियम: मालकाचा आणि घरातल्या प्रत्येक राबणाऱ्याचा पगार पहिल्या महिन्यापासून वहीत लिहायचा. द्यायला नसला तरी लिहायचा.

मग भाव वाढवायचा? गणित बघा

सोयीसाठी समजू की सगळी विक्री २५० रुपयांच्या थाळीतून होते. ४२ लाख म्हणजे वर्षाला १६,८०० थाळ्या. एका थाळीत माल १०० रुपयांचा, मजुरी ७५ ची, भाडं २०, गॅस-लाइट २०, किरकोळ साडेबारा. उरतात साडेबावीस.

थाळी २७० केली तर? एकही गिऱ्हाईक कमी झालं नाही तर वर्षाला ३ लाख ३६ हजार जास्त. भीती खरी मानून धरू की दहा टक्के गिऱ्हाईक गेलं. १५,१२० थाळ्या, विक्री ४० लाख ८२ हजार. माल लागला १५ लाख १२ हजारांचा, बाकी खर्च तेच. उरले ४ लाख ३६ हजार. म्हणजे गिऱ्हाईक घटूनही शिल्लक ५० हजारांनी वाढली आणि तव्यासमोरचा ताण कमी झाला.

आणि गिऱ्हाईक टिकलं, तर त्या २० मधले १० रुपये पगाराकडे वळवा. १६,८०० थाळ्यांवर १ लाख ६८ हजार, महिन्याला १४ हजार. सहा माणसांत प्रत्येकी दोन हजारांहून जास्त. ज्या दोन हजारांसाठी आचारी गेला होता, ते थाळीमागच्या दहा रुपयांत बसतात.

भाव एकदम वाढवू नका. सीझनच्या सुरुवातीला, नवीन मेन्यूकार्डासोबत वाढवा. तुमच्या माणसांना 'वाढ ऑक्टोबरात' हे माहीत असू द्या, म्हणजे मधेच कोणी अडून बसणार नाही.

कॅलेंडर भिंतीवर लावा

पगार बरा असूनही माणूस जातो, त्याचं एक मोठं कारण सण. आणि इथे गंमत अशी की आपला सीझन आणि त्यांचे सण नेमके एकमेकांवर येतात.

नेपाळच्या मुलांचा दसैं आणि तिहार, बंगाल-ओडिशाची दुर्गापूजा, बिहारची छठ, हे सगळं आपल्या दसरा-दिवाळीच्या आसपास. पर्यटकांची पहिली लाटही तेव्हाच. लोकल पोरगं दिवाळीत थांबेल, पण गणपती आणि शिमग्याला तो कामावर येणार नाही, हे कोकणात वेगळं सांगायला नको.

यावरचा उपाय म्हणजे टीम मिसळलेली ठेवायची. सगळी माणसं एकाच गावची घेतली तर सगळी एकाच गाडीने गावी जातात. अर्धे लोकल, अर्धे बाहेरचे ठेवले, तर गणपती-शिमगा बाहेरचे सांभाळतात आणि दिवाळीला लोकल. सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीलाच तारखांसकट लिहून द्या. तिकीट दोन महिने आधी काढून द्या. 'परतीचं तिकीट मालकाने काढलंय' यात माणूस परत येण्याची शक्यता बरीच वाढते.

टिकवायचं कसं? पैशाशिवायच्या पाच गोष्टी

पहिली, तारीख. पगार सात तारखेच्या आत, शक्यतो खात्यावर. तुमच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नोंद राहते, उद्या मुद्रा लोनला गेलात तर ती कामाला येते.

दुसरी, उचल. उचल द्या, पण वहीत लिहून, सही घेऊन, आणि हप्ता ठरवून. उचलीच्या बदल्यात आधार कार्ड ठेवून घेणं किंवा पगार अडकवणं करू नका. कायद्याने चुकीचं आहे आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमचं नाव जातं ते वेगळंच.

तिसरी, टीप. गिऱ्हाईक यूपीआयने बिल देतं, त्यामुळे सुट्टे पैसे ताटलीत राहायचे ते बंद झाले. वेटरची ही कमाई गुपचूप कमी झाली आणि मालकाच्या लक्षातही आलं नाही. टीपसाठी काउंटरवर वेगळा डबा आणि वेगळा क्यूआर कोड ठेवा. आठवड्याला सगळ्यांसमोर मोजून वाटा, किचनवाल्यांनाही. बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज मात्र लावू नका. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये त्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या.

चौथी, घरी पोचवणं. कोंबडी-वडे, घावणे, तिरफळाची आमटी, सोलकढी ही चव गावातल्या बायकांच्या हातात आहे. बचत गटांत अशा कितीतरी ताई आहेत. त्या हॉटेलात का येत नाहीत? पगारापेक्षा मोठं कारण असतं रात्री घरी जायचं कसं. दुपारी तीनला सुटणारी शिफ्ट द्या, किंवा रात्रीची रिक्षा तुमच्या खर्चाने ठरवा. त्या गोव्यालाही जाणार नाहीत आणि तुमची चवही महिन्या-महिन्याला बदलणार नाही.

पाचवी, वरची पायरी. आज भांडी घासणारा मुलगा वर्षाने काय होईल, हे त्याला सांगता आलं पाहिजे. हेल्पर, मग सहायक, मग तवा, मग आचारी. प्रत्येक पायरीला पगार किती, हे भिंतीवर लिहा. शिकवला की सोडून जाईल ही भीती असतेच. पण न शिकवलेला माणूस राहिला, तर तो जास्त महाग पडतो.

तुमचा गृहपाठ

धंदा सुरू करायच्या आधी हे सहा आकडे काढा.

१. तुमच्या गावातलं आजचं किमान वेतन, गटानुसार.
२. प्रत्येक माणसाचा खाणं-राहणं-सुट्टी धरून पूर्ण खर्च.
३. घरच्यांचे पगार.
४. सीझनची आणि बिगरसीझनची विक्री, वेगवेगळी.
५. वर्षाच्या विक्रीत मजुरीचा टक्का. उदाहरणात तो ३० आला. तुमचा ३५ च्या वर जात असेल तर भाव, माणसं किंवा वेळा, यातलं काहीतरी बदलायला हवं.
६. मुख्य आचारी उद्या गेला तर पंधरा दिवसांचा खर्च. तेवढी रक्कम बाजूला हवी.

हे सहा आकडे आले की मगच थाळीचा भाव ठरवा. बहुतेक लोक शेजारची थाळी २५० ची आहे म्हणून आपली २४० ठेवतात आणि त्यातून उरेल ते पगाराला देतात. तुम्ही पगारापासून सुरू करा आणि भावापर्यंत या. माणसाला नीट पगार देऊन धंदा बसत नसेल, तर ते कागदावरच कळलेलं बरं. डिपॉझिट भरल्यावर, फर्निचर केल्यावर कळलं तर फार महाग पडतं.

तुमच्या भागात आज आचाऱ्याचा, वेटरचा, हेल्परचा रेट काय चाललाय आणि त्यात खाणं-राहणं धरलंय का, हे खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. गणित अडलं तर तुमचे आकडे टाका, आपण मिळून सोडवू.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही उघडी ठेवा!